अक्कांनी आखलेली चार घरं

आम्ही एचएसआर लेआउटमध्ये भाड्याने राहत होतो तेव्हाची गोष्ट. मी नागपूरची, नवरा पुण्याचा, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी अडीच वर्षांची होती आणि दोघांच्या पगारातून थोडंफार शिल्लक पडायला लागलं होतं. त्या सुमारास ऑफिसात चहाच्या वेळी दुसरा विषयच नसायचा. कोणी फ्लॅट घेतला, कुठे घेतला, घेतल्यापासून भाव कितीने चढला.

होसूर रस्त्याने बोम्मसंद्रा मागे टाकून आत वळलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं या हकिकतीत आहेत. कालपरवापर्यंत ते साधं गाव होतं. एक देऊळ, एक तळं, आठवड्याचा बाजार, भोवती नाचणीची शेतं. मग आसपास कारखाने वाढले, मेट्रो येणार अशा बातम्या आल्या आणि बघता बघता त्याचं शहर झालं. नाचणीच्या शेतांत सोळा मजली टॉवर उभे राहिले. माझ्या टीममधल्या एकाने तिथे तीन फ्लॅट घेतले होते. तिथे राहायला जाण्याचा त्याचा काही विचार नव्हता. तो म्हणायचा, घेऊन ठेव, बाकी काही करू नकोस.

एका रविवारी आम्हीही बघून आलो. सॅम्पल फ्लॅट मला फार आवडला, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या पडद्यांमागून मंद उजेड, टेबलावर काचेच्या भांड्यात लिंबं, खाली पोहायचा तलाव. घरी येताना गाडीत आम्ही फारसं बोललोच नाही, इतकं ते नक्की झालं होतं. सासऱ्यांना पुण्याला फोन केला तेव्हा ते खूश झाले, पण म्हणाले, पैसे भरण्याआधी एकदा अक्काला दाखव.

अक्का म्हणजे सासऱ्यांची चुलत बहीण. अक्कांचे वडील वह्या बांधायच्या धंद्यात बंगळूरला आले आणि चामराजपेटेत स्थिरावले. त्यानंतर ते घराणं कधी महाराष्ट्रात परत गेलं नाही. अक्कांनी लग्न केलं नाही. आईला शेवटपर्यंत सांभाळलं आणि एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात सदतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीच्या प्रशस्तिपत्रावर त्यांचा हुद्दा 'सीनियर ड्राफ्ट्समन' असा छापलेला आहे. त्यात 'मन'च्या जागी दुसरं काही लिहावं असं त्या काळी कोणाला सुचलं नसावं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलेलं होतं की कुठला शब्द कुठला हे त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. आम्ही त्यांच्याकडे दिवाळीला आणि गणपतीला जायचो. त्या पलीकडे माझी त्यांची ओळख नव्हती. त्यांना फ्लॅट दाखवायचा हे मला थोडं ओझंच वाटलं होतं.

त्या आल्या त्या सुती साडीत, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री आणि पर्समध्ये मोजपट्टी. विक्रीच्या माणसाने बॅटरीवरची छोटी गाडी पुढे केली, तर चालतच येते म्हणाल्या. सॅम्पल फ्लॅटमध्ये त्या पाच मिनिटं होत्या. भिंतीला पंजा लावून पाहिला. स्वयंपाकघराची खिडकी उघडून बाहेर डोकावल्या. बाहेर पाइपांचा उभा बोळ होता आणि त्यापलीकडे दुसऱ्या स्वयंपाकघराची खिडकी. खाली येऊन त्यांनी विचारलं, तुमचे आधी बांधून झालेले टॉवर कुठले? त्याने मागचे दोन दाखवले. दीड वर्षापूर्वी ताबा दिलाय, म्हणाला, एकही फ्लॅट शिल्लक नाही.

समोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. अक्का म्हणाल्या, इथे स्वल्प बसू या. स्वल्प म्हणजे थोडं, पण त्या सव्वा तास बसल्या. मुलगी कंटाळून रडायला लागली, नवरा तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालू लागला आणि मला मनातून राग यायला लागला. हळूहळू तिन्हीसांज झाली. अक्कांनी टॉवरांकडे बोट केलं.

"सगळे विकले गेले म्हणाला ना तो?"

"हो."

"मग दिवे कुठायत?"

मी मोजले. एका टॉवरात नऊ खिडक्यांत उजेड होता, दुसऱ्यात सहा. बाकी वरपर्यंत अंधार. माझ्या सहकाऱ्याचे तीन फ्लॅट त्या अंधारातच कुठेतरी होते.

तेवढ्यात टपरीसमोर कारखान्यांच्या बसगाड्या येऊन थांबल्या. निळे, करडे युनिफॉर्म घातलेल्या बायका भराभर उतरल्या, टॉवरांकडे पाठ करून जुन्या गावाच्या गल्ल्यांत शिरल्या. एकामागून एक बस येत होती. अक्का चहा विसरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि त्यातल्याच एकीबरोबर बोलत बोलत थोड्या अंतरापर्यंत चालत गेल्या. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "या सगळ्यांना राहायला जागा मिळत नाहीये."

पुढचे दोन आठवडे त्यांचा फोन नव्हता. आम्हीही टोकन भरलं नाही, पण भरणार नाही असंही ठरवलं नव्हतं. मग एका शनिवारी त्यांनी बोलावलं. चामराजपेटेहून दोन बस बदलून त्या एकट्याच चार वेळा तिथे जाऊन आल्या होत्या हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्यांनी दाखवलं ते एक वठार होतं. एका अंगणाभोवती किंवा अंगणालगत ओळीने बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांना बंगळूरच्या बाजूला वठार म्हणतात. इथे एका रांगेत पाच खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, समोर अंगण, अंगणात एक नारळ आणि एक नळ. पलीकडच्या कोपऱ्यात पाचही घरांना मिळून एक संडास आणि एक न्हाणी. दोन खोल्या रिकाम्या होत्या, तीन भरलेल्या. मालक एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांना ते विकून दोन मुलांसह त्याच टॉवरांत मोठा फ्लॅट घ्यायचा होता. एक बिल्डर त्यांच्या मागे होता. सगळं पाडून पाच मजली हॉस्टेल बांधायचं त्याच्या मनात होतं.

मी पायरीवर उभी राहून नाकाला पदर लावला. अक्कांनी ते पाहिलं. मला आजही त्याची लाज वाटते.

घरी परतल्यावर अक्कांसमोरच बराच वाद झाला. नवऱ्याला जमिनीचा भाव योग्य वाटत होता, पण या खोल्यांचं करायचं काय हे त्याला कळत नव्हतं. मला ऑफिसात काय सांगायचं हा प्रश्न पडला होता. लोक क्लबहाउसचे फोटो दाखवतात, मी पत्र्याच्या खोल्यांचे दाखवू का? अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की निवृत्तीचे पैसे बँकेत पडून आहेत, तिसरा हिस्सा त्यांचा. मी विचारलं, तुमच्या चामराजपेटेतल्या घराच्या दुरुस्तीला लागतील ना ते? तेव्हा त्या हसल्या. ते घर भाड्याचं होतं. जन्मापासून त्या भाड्याच्याच घरात राहिल्या होत्या. सदतीस वर्षं कागदावर रेषा आखणाऱ्या बाईच्या मालकीची एकही भिंत नव्हती. सहा वर्षं त्या घरात फराळ खाऊनही मी हे कधी विचारलं नव्हतं.

आम्ही हो म्हणालो ते पुरतं पटून म्हणालो असं नाही. त्यांना नाही म्हणणं जमलं नाही, हे जास्त खरं.

कागदपत्रं कन्नडमध्ये होती. अक्कांनी ती चार दिवस भिंगाने वाचली, नगरपालिकेत जाऊन नकाशा ताडून पाहिला, पोस्टमास्तरांच्या वडिलांनी कधीतरी विकलेला मागचा तीन फुटांचा पट्टा शोधून काढला आणि आपल्या क्षेत्रातून वजा करायला लावला. पोस्टमास्तरांनाच तो आठवत नव्हता. नोंदणीच्या दिवशी मशीनवर त्यांचा अंगठा उमटेना. कारकुनाने दोनदा पुसला, तीनदा दाबला. आयुष्यभर पेन्सिलीच्या रेषा खोडता खोडता बोटांवरच्याही गेल्या असतील, असं त्या कन्नडमध्ये म्हणाल्या आणि तो रुक्ष चेहऱ्याचा कारकून हसला. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. खरेदीखतावर तीन नावं लागली. बाहेर आल्यावर त्यांनी त्याच बोटाकडे एकदा बघितलं आणि छत्री उघडली.

खरी ओळख झाली ती यापुढे.

मी समजत होते की रंग मारायचा, पत्रे बदलायचे आणि भाडं वाढवायचं. अक्का वहीपेन्सिल घेऊन तिथल्या भाडेकऱ्यांच्या दारात जाऊन बसल्या. तीन घरांपैकी एकात एक म्हातारं जोडपं होतं, एकात ड्रायव्हर, त्याची बायको आणि दोन मुलं, आणि तिसऱ्यात विजापूरकडच्या दोघी बहिणी. थोरली तिशीची, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला. तिची आजी सोलापूरकडची, म्हणून तिला मोडकंतोडकं मराठी यायचं. अक्का तिला पहिल्या दिवसापासून तंगी म्हणायला लागल्या. तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्यांनी तिला विचारलं, या खोलीत तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? तिने सांगितलं, रात्रपाळी असली की दिवसा झोपायला लागतं, आणि दिवसा पत्रा तापतो. कितीही थकलेली असली तरी अकरानंतर डोळा लागत नाही. अक्कांनी ते लिहून घेतलं. सगळ्यांचं लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी त्या आमच्याकडे एचएसआरला आल्या आणि जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. पाच खोल्यांच्या जागी चार घरं आखली होती. पाचव्या खोलीची रुंदी चारही घरांत वाटून प्रत्येक घराला स्वतःचा संडास आणि न्हाणी. म्हणजे एका घराचं भाडं कायमचं गेलं. मी हिशेबाच्या बाजूने होते, आणि खरं सांगायचं तर थोडी चिडलेलीही.

"अक्का, आपण गुंतवणूक करतोय. समाजसेवा नाही."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मीही गुंतवणुकीचंच बोलतेय. मी अशाच वठारात वाढले. अकरा घरं, दोन संडास. पहाटे डबा घेऊन रांगेत उभी राहायचे, पुढे शेजारचे काका, मागे त्यांचा मुलगा. बाईला जरा बरी जागा मिळाली की ती पहिल्यांदा यासाठी सोडून जाते. आणि एकदा हे मिळालं की मग कशासाठीही सोडत नाही."

त्या पुढे जे बोलल्या ते सहज, कागदावरची एक रेष नीट करता करता. अठराव्या वर्षी ड्रॉइंग ऑफिसात लागल्यावर जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पहिलं चित्र काढलं ते त्यांच्या वठाराचं, प्रत्येक घराला संडास दाखवून. साहेबांना ते सापडलं. त्यांनी विचारलं, हे कुठलं मशीन? अक्का घाबरून काही बोलल्या नाहीत. साहेबांनी तो कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांना बोल्टचं चित्र काढायला दिलं.

नवरा म्हणाला, "आत्या, चारच करू या." मी मान हलवली.

पण अडचण वेगळीच होती. गवंड्यांच्या मुकादमाला इथे मेस्त्री म्हणतात. तो म्हणाला, भाडेकरू बाहेर काढा, तीन महिन्यांत बांधून देतो. अक्का म्हणाल्या, कोणी बाहेर जाणार नाही. या गावात त्यांना दुसरी जागा कुठे मिळणार आहे? मेस्त्रीने हात जोडले. मग अक्कांनी दुसरा कागद काढला. टोकाच्या दोन रिकाम्या खोल्या आधी पाडायच्या आणि तिथे पहिलं नवं घर बांधायचं. ते झालं की शेजारच्या खोलीतल्या दोघी बहिणींनी त्यात यायचं. मग त्यांची खोली पाडायची. उरलेली पट्टी धरून दुसरं घर. मग ड्रायव्हरचं कुटुंब त्यात, मग म्हातारं जोडपं. शेवटी सगळ्या पलीकडचं चौथं घर, नव्या भाडेकरूसाठी. प्रत्येकाने एकदाच सामान उचलायचं आणि शेजारच्या दारात न्यायचं. एकही दिवस कोणी छपराबाहेर नाही. मेस्त्रीने तो कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात चूक सापडते का ते तो शोधत होता. सापडली नाही. "सरी," म्हणाला, म्हणजे ठीक आहे.

पहिलं घर अडीच महिन्यांत उभं राहिलं. बहिणी त्यात गेल्या. त्यांची खोली पाडली, पाया झाला, भिंती कमरेपर्यंत आल्या आणि एका सोमवारी मेस्त्री आलाच नाही. टॉवरच्या कामावर दुप्पट मजुरी मिळत होती. आख्ख्या गावात गवंडी नव्हते, सगळे तिकडे. ड्रायव्हरच्या खोलीची एक बाजू उघडी पडली होती, तिथे ताडपत्री बांधलेली. मी तेव्हा अगदी वाईट बोलले. म्हणाले, बिल्डरला विकू दिलं असतं तर बरं झालं असतं.

अक्का उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. दोन साड्या, औषधं आणि गादी घेऊन त्या तिथेच राहायला गेल्या. बहिणींच्या नव्या घरात, जमिनीवर. अडुसष्टाव्या वर्षी. मी रोज फोन करायचे आणि त्या रोज सांगायच्या की तंगी ज्वारीच्या भाकरी करते, फार छान करते, काळजी नको.

शनिवारी मी त्यांना परत आणायला म्हणून गेले. मनात ठरवलं होतं, ऐकलं नाही तर भांडायचं. दुपारचे बारा वाजले होते. थोरलीने आत बसवलं, पाणी दिलं. अक्का म्हणाल्या, बोलायचंय ते नंतर बोल, आधी इथे जमिनीवर आडवी हो. मला काही कळेना. पण मी झाले आडवी. वर मंगळुरी कौलं होती, मधोमध आढ्याला वीतभर उंचावलेली फट, तिथून उजेडाची एक बारीक पट्टी भिंतीवर पडलेली. दोन्ही भिंतींना छताजवळ लहान झरोके होते. पंखा बंद होता. तरी मानेवरून हवा सरकत होती, अगदी हलकी. मला पाच मिनिटांत झापड आली असेल. मग त्यांनी मला उठवून ड्रायव्हरच्या बायकोकडे नेलं, तिला विचारून तिच्या जुन्या खोलीत आडवं व्हायला लावलं. पत्र्याखाली. पहिल्या मिनिटाला घाम फुटला. दुसऱ्या मिनिटाला कानशिलं ठणकायला लागली. कोपऱ्यात तिचा धाकटा मुलगा तशातच झोपला होता, केस कपाळाला चिकटलेले. मी उठून बाहेर आले.

अक्कांना परत न्यायचा विषय मी काढला नाही. संध्याकाळी एकटीच घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं, वेळ लागू दे, पण हे पुरं करायचं.

मेस्त्रीला अक्कांनी परत कसं आणलं हे मला थोरलीने सांगितलं. त्या त्याच्या घरी गेल्या. रागावल्या नाहीत, मजुरीही वाढवून देते म्हणाल्या नाहीत. वही उघडून विचारलं, या दुसऱ्या घराचा कोपरा कसा बांधशील? माझी आखणी आहे, पण विटेचं मला कळत नाही, तुला कळतं. तो बराच वेळ बोलला. मग म्हणाला, "तिकडे मला कोणी विचारत नाही, अक्का." सकाळच्या पाळीत टॉवरवर जाऊन तो दुपारी आमच्याकडे यायला लागला, बायकोला घेऊन. दुसऱ्या घराचा कोपरा त्याने अक्कांच्या आखणीपेक्षा वेगळा बांधला. अक्कांनी तो नंतर कागदावर तसाच दुरुस्त केला आणि पुढची दोन घरं त्याच्या पद्धतीने झाली.

सगळ्या कामाला तेरा महिने लागले. तीन महिन्यांचं काम. त्यातला प्रत्येक महिना मला तेव्हा अंगावर आल्यासारखा वाटला होता. शेवटच्या दिवशी अंगणातला तो जुना संडास पाडला. म्हाताऱ्या जोडप्यातली आजी खुर्ची टाकून ते बघायला बसली होती. भिंत पडली तशी ती उठली, आत गेली आणि सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आली.

आता या गोष्टीला चारेक वर्षं झाली. मेट्रो सुरू झाली. टॉवरांत आता बऱ्याच खिडक्यांत दिवे दिसतात आणि माझ्या सहकाऱ्याने त्याच्या तीनपैकी एक फ्लॅट चांगल्या भावाला विकलाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमची चार घरं एकही महिना रिकामी राहिलेली नाहीत. चौथ्या घरात एक नर्स राहते. तिच्याआधी तेरा जणी विचारून गेल्या होत्या. मागच्या वर्षी एका बिल्डरने असा आकडा सांगितला की नवरा दोन दिवस हिशेब मांडत बसला. आम्ही तिघांनी बसून विचार केला. अक्का म्हणाल्या, तुमच्या मुलीचं शिक्षण आहे, तुम्ही ठरवा, मी सही करीन. नाही म्हणाले ते मी. माझ्याच आवाजाचं मला आश्चर्य वाटलं.

पोस्टमास्तर सकाळी फिरायला निघाले की हमखास येतात. नारळाखाली बसतात, पेपर वाचतात. त्यांच्या बायकोला फ्लॅट फार आवडतो, लिफ्ट आवडते, वरून दिसणारं तळं आवडतं. त्यांनाही आवडतो म्हणतात. पण तिथे बोलायला कोणी भेटत नाही, लोक लिफ्टमध्ये फोनकडे बघतात. एकदा ते मला म्हणाले, तीस वर्षं हे वठार माझं होतं आणि या खोल्या उन्हात तापतात हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी दुपारी आत गेलोच नाही. हे त्यांनी सहज सांगितलं, आणि पुन्हा पेपर उघडला.

मैत्रिणी आता घर घ्यायला निघाल्या की मला सोबत नेतात. मी भिंतीला हात लावून बघते, खिडकी उघडून बाहेर डोकावते. दिवेलागणीपर्यंत थांबा म्हणते. काहींना ते आवडत नाही. अक्कांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मोजपट्टी घेतेस ना बरोबर? मी नाही म्हणाले, तर पुढच्या भेटीत त्यांनी एक आणून दिली. स्टीलची, पाच मीटरची.

गेल्या उन्हाळ्यात थोरली बहीण एक कागद घेऊन अक्कांकडे आली. दोघी बहिणींनी मिळून विजापूरजवळच्या त्यांच्या गावात जागेचा एक तुकडा घेतला होता, आईसाठी. फार लहान, पण स्वतःचा. अक्का, घर आखून द्याल का, तिने विचारलं. अक्कांनी तिला नेहमीचे प्रश्न विचारले. वारा कुठून येतो, दुपारी सावली कुठे पडते, आई कुठल्या बाजूला तोंड करून बसते. थोरलीला अर्ध्याची उत्तरं देता येईनात. गाव सोडून तिला बारा वर्षं झाली होती. तेव्हा अक्का म्हणाल्या, मी न बघितलेल्या जागेवर घर आखत नाही. आणि रेल्वेचं आरक्षण करायला मला फोन केला.

बहात्तर वर्षांच्या बाईला मे महिन्यात विजापूरला पाठवायचं म्हणून सासरे पुण्याहून माझ्यावर रागावले. मी म्हणाले, तुम्हीच थांबवून बघा. त्यांनी प्रयत्न केला नाही. मी दोघींना स्टेशनवर सोडायला गेले. अक्कांच्या पायात तेच कॅनव्हासचे बूट होते आणि थोरलीच्या हातात त्यांची पिशवी.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मागे कोंबड्यांचा आवाज, वारा, कोणीतरी कन्नडमध्ये मोठ्याने हसत होतं.

"इथली माती काळी आहे गं. आपल्याकडच्यासारखी लाल नाही. उन्हात भेगा पडतात, पावसात फुगते. पाया खोल न्यायला लागणार. मला हे कधी करावं लागलं नव्हतं."

त्यांच्या आवाजात इतका उत्साह होता की मी विचारलंच नाही कधी येताय. त्यांनीच सांगितलं, इथला एक जुना गवंडी उद्या सकाळी येणार आहे, त्याच्याकडून काळ्या मातीचं सगळं समजून घ्यायचंय, तेव्हा अजून चार दिवस तरी. तिकीट पुढचं कर. आणि फोन ठेवायच्या आधी थोरलीच्या आईला माझ्याशी बोलायला लावलं. तिला माझं मराठी आणि मला तिचं कन्नड फारसं कळलं नाही, पण ती घराबद्दलच सांगत होती एवढं नक्की.